मालक आणि भोगवटादार

ग्रामपंचायतीत 'नमुना ८' नावाची एक वही असते. गावातल्या प्रत्येक घराची कर आकारणी तिच्यात लिहिलेली असते. तिच्यात शेजारी शेजारी दोन रकाने आहेत. एक मालकाच्या नावाचा, दुसरा भोगवटा करणाऱ्याच्या नावाचा. खेड्यातल्या बहुतेक घरांपुढं दुसऱ्या रकान्यात 'स्वतः' एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून तो रकाना कुणी फारसा वाचत नाही.

मला तो रकाना महत्त्वाचा वाटतो, आणि त्याहून जास्त तो शब्द. भोगवटा. 'ताबा' म्हटलं की कुलूप-किल्ली आठवते. भोगवट्यात 'भोगणं' आहे. माणूस सुख भोगतो, आजार भोगतो, शिक्षासुद्धा भोगतो. घराचा भोगवटा म्हणजे त्या घरातला उकाडा, गळणारं छप्पर, सकाळचं ऊन, शेजारच्यांची भांडणं, हे सगळं ज्याच्या वाट्याला येतं त्याचं घराशी असलेलं नातं. मालकी कागदावर असते. भोगवटा रोजच्या दिवसात असतो.

आमची शिर्डी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, पुढं नगरपरिषद झाली. वह्या बदलल्या, पावत्या मोबाइलवर आल्या. पण ते दोन रकाने गावात अजून आहेत, आणि माझा प्रश्न त्यांच्यातूनच निघतो. गाव कुणाचं? पहिल्या रकान्यातल्या माणसाचं की दुसऱ्या?

हा प्रश्न मला पडायला एक साधं कारण आहे. आमच्या गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, 'मालमत्ताधारक' अशा नावाचा. त्यात मी आहे. मी नोकरीनिमित्त पाच वर्षं पुण्यात राहते. शिर्डीला येते ती दिवाळीला, एखाद्या लग्नाला आणि जमलं तर रामनवमीला. माझं मतदानाचं नावसुद्धा मी पुण्यात हलवलंय. तरी गल्लीतली नाली कधी उपसायची, गच्चीवरचं पाणी जिरवायला खड्डा कुठं घ्यायचा, रामनवमीला मांडव किती रुंद घालायचा, यातल्या प्रत्येक गोष्टीवर मला मत विचारलं जातं. घर पप्पांच्या नावावर आहे आणि पुढं ते माझ्या नावावर होणार आहे, म्हणून.

आमच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या भाड्यानं दिलेल्या आहेत. त्यातल्या एका खोलीत वैजापूरकडच्या एक काकू अकरा वर्षं राहतात. त्या मंदिराच्या बाजूला हार-फुलांच्या दुकानात काम करतात. मुलगा एका लॉजवर रात्रपाळीला असतो. त्या ग्रुपमध्ये नाहीत. उन्हाळ्यात पावसाळ्याआधीच्या कामांसाठी गल्लीची बैठक होती, तेव्हा योगायोगानं मी घरी होते. मी काकूंना म्हटलं, "काकू, चला ना तुम्ही पण." त्या हसल्या. "मालकांची मीटिंग असती गं बाई ती. आपण कशाला मधी?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. अकरा वर्षांत त्यांना कुणी 'येऊ नका' म्हटलेलं नाही. 'या' असंही कुणी म्हटलेलं नाही, एवढंच.

*

गावातल्या कार्यक्रमांचं एक वार्षिक चक्र असतं. आपण ते सणांचं चक्र समजतो, पण त्याच्या आत घरांचंही एक चक्र फिरत असतं. मार्चअखेर घरपट्टीचा हंगाम. चैत्रात रामनवमी. मुंबईकडून साईंच्या पालख्या पायी चालत येतात, नाशिक-सिन्नरकडचा रस्ता भगव्या झेंड्यांनी आणि टाळांच्या आवाजानं भरतो. वाटेवरची घरं पाणी ठेवतात, चहा देतात, ओसरी मोकळी करतात. मग उन्हाळा. नगर जिल्ह्याचा बराचसा भाग अवर्षणप्रवण, त्यामुळं बोअर, टाक्या आणि पाणी जिरवणं हे विषय दरवर्षी नव्यानं निघतात. पाऊस लागायच्या आत नाल्या. आषाढात गुरुपौर्णिमा. ऑगस्टमध्ये २०२२ पासून 'हर घर तिरंगा'. मग गणपती, दसऱ्याला साईबाबांची पुण्यतिथी, दिवाळी.

यातलं जे काही घराशी जोडलेलं आहे, त्याचं आमंत्रण बहुधा घराच्या मालकाला जातं. सरकारी योजनांतही हेच दिसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना आली. छतावर सौर पॅनेल बसवायला तीन किलोवॅटपर्यंत ७८,००० रुपयांचं अनुदान मिळतं. योजना चांगली आहे, आमच्या गल्लीत दोन घरांवर पॅनेल लागलीसुद्धा. पण अर्ज करायला छप्पर स्वतःचं हवं. ऊन काकूंच्या खोलीवरही तेवढंच पडतं, किंबहुना त्या वरच्या मजल्यावर राहतात म्हणून जास्तच पडतं. विजेचं बिल त्या भरतात. पॅनेल लावायचं की नाही हे पप्पा ठरवणार, आणि पप्पांना ती घाई नाही, कारण त्या मीटरचं बिल त्यांच्या खिशातून जात नाही. इथं कुणी वाईट वागलेलं नाही. ऊन एकाच्या डोक्यावर पडतं आणि छप्पर दुसऱ्याचं असतं, मग काम अडतं ते असं.

२०१५ च्या जूनमध्ये सुरू झालेल्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतः घर बांधण्यासाठीचा एक घटक आहे. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख रुपये त्यात मिळतात. अट अशी की कुटुंबाचं देशात कुठंही पक्कं घर नसावं. बरोबरच आहे. पण त्या घटकासाठी जागा मात्र स्वतःची लागते. ज्याच्याकडं घर नाही त्याला घर मिळेल, फक्त आधी जमीन दाखवावी लागेल. ग्रामीण भागात ही अडचण लक्षात आली, म्हणून भूमिहीन लाभार्थ्यांना जागा घ्यायला मदत करणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची वेगळी योजना राज्याला काढावी लागली. म्हणजे सरकारलाही हे दिसतं की घरांच्या योजनांचा दरवाजा मालकीच्या बाजूनं उघडतो, आणि जे दुसऱ्या बाजूला उभे आहेत त्यांच्यासाठी वेगळी खिडकी फोडावी लागते.

भाडेकरूच्या नावाची नोंद कुठंच होत नाही असं मात्र नाही. खोली भाड्यानं दिली की त्याची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. फोटो, आधार, मूळ गावचा पत्ता, सगळं. म्हणजे गावाला मालकाचं नाव हवं असतं ते बोलावण्यासाठी, आणि भाडेकरूचं हवं असतं ते तपासण्यासाठी.

*

आता मालकाची बाजू. ती मला पप्पांमुळं नीट माहीत आहे, आणि ती कमजोर नाही.

पप्पा म्हणतात, "उद्या त्या खोली सोडून गेल्या, तर बैठकीत ठरलेलं काम कोण करणार? मीच ना?" खरं आहे. घरपट्टीचं बिल त्यांच्या नावानं येतं. थकली तर दंड त्यांच्या नावावर चढतो. नाली तुंबली आणि शेजाऱ्याच्या घरात पाणी शिरलं, तर शेजारी वरच्या मजल्यावर भांडायला जात नाहीत, खालच्या दारात येतात. मालक सापडतो, कारण त्याला घर उचलून नेता येत नाही. गावानं कुणावर तरी विसंबायचं तर जो जागेवर बांधलेला आहे त्याच्यावरच विसंबणार.

याचा पुरावा म्हणून पप्पा २०२० सांगतात. १७ मार्चला मंदिर बंद झालं. शिर्डीत मंदिर बंद होणं म्हणजे हार, प्रसाद, रिक्षा, लॉज, खानावळ, फोटोवाले, सगळं एका दुपारी थांबणं. ते उघडलं १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा बंद झालं ते ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडलं. या काळात खोल्या रिकाम्या झाल्या. माणसं आपापल्या गावाला गेली, काही परत आली, काही आलीच नाहीत. पप्पांचं म्हणणं, "बघ. गाव बसलं तेव्हा कोण राहिलं? मालक राहिले."

मी या वाक्याचा बराच विचार केला आहे. वरवर ते निष्ठेबद्दलचं वाक्य वाटतं. संकटात जो थांबतो तो आपला. पण थांबायला काय लागतं? भाडं द्यावं न लागणारं छप्पर लागतं. पप्पा थांबले कारण ते थांबू शकत होते. काकूंना दुकान बंद असताना भाडं, किराणा, मुलाचा मोबाइल रिचार्ज यांचा हिशेब जमत नव्हता, म्हणून त्या वैजापूरला गेल्या. आणि मंदिर उघडलं त्या आठवड्यात परत आल्या, त्याच खोलीत. थांबण्याच्या ऐपतीला आपण प्रेम म्हणतो आणि जाण्याच्या नाइलाजाला बेभरवसेपणा म्हणतो. हा हिशेब मला पटत नाही. परत येण्यालाही काही किंमत असायला हवी.

मालकांची दुसरी भीती जास्त खोल आहे आणि ती उघड बोलली जात नाही. "नाव एकदा लागलं की हटत नाही." महाराष्ट्रात भाडे नियंत्रणाचा इतिहास मोठा आहे. आजोबांच्या पिढीनं पागडीच्या चाळी आणि वर्षानुवर्षं चालणारे खटले पाहिले किंवा ऐकले. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आला, लिव्ह अँड लायसन्सचे अकरा महिन्यांचे करार रूढ झाले. त्या करारात माणूस भाडेकरू नसतो, त्याला फक्त वापरायची परवानगी असते. एखादं कुटुंब दहा-अकरा वर्षं एका खोलीत राहतं, मुलगा तिथं लहानाचा मोठा होतो, आणि कागदावर ते दर अकरा महिन्यांनी नव्यानं आलेलं असतं.

ज्यानं आयुष्यभराची कमाई एका घरात घातली, त्याला या भीतीबद्दल हसणं सोपं नाही. मी हसत नाही. पण घराच्या नोंदवहीत नाव लागणं वेगळं आणि गल्लीच्या बैठकीत खुर्ची मिळणं वेगळं. पहिल्यानं हक्क तयार होतो, दुसऱ्यानं फक्त बोलणं होतं. पहिल्याची भीती दुसऱ्यावर काढली, की माणूस अकरा वर्षं आपल्या डोक्यावर चालतो आणि आपल्याला त्याच्या पावलांचा आवाज तेवढा माहीत असतो.

*

शिर्डीत हा प्रश्न विचारणं जरा विचित्र आहे, कारण या गावाच्या जमिनीला आज जो भाव आहे तो एका अशा माणसामुळं आहे ज्याचं स्वतःचं घर नव्हतं.

इथं मला सावध राहायला हवं. आमच्या गावात प्रत्येक जण आपल्या म्हणण्याला बाबांचा आधार देतो. लॉजवाला देतो, त्याच्याशी भांडणारा रिक्षावालाही देतो. मला बाबांच्या तोंडी काही घालायचं नाही. फक्त ते राहिले कसे, एवढं पाहायचं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात एक तरुण फकीर या खेड्यात आला. आधी कडुनिंबाच्या झाडाखाली बसायचा, मग पडक्या मशिदीत राहू लागला. तिलाच पुढं द्वारकामाई म्हणायला लागले. काही घरांपुढं तो भिक्षा मागायचा, पाच घरं ठरलेली होती. शेवटच्या वर्षांत एक रात्र मशिदीत आणि एक रात्र चावडीत, असा झोपायचा नेम होता. चावडी म्हणजे गावचं दफ्तर. सारा तिथं जमा व्हायचा, जमिनीच्या नोंदी तिथं व्हायच्या. कुणाची जमीन कुणाच्या नावावर, हे ज्या जागी लिहिलं जात होतं त्या जागी एका रात्रीआड असा माणूस झोपत होता ज्याच्या नावावर काही नव्हतं. दोन्ही जागा त्याच्या नव्हत्या. दोन्हींचा भोगवटा त्याचा होता.

मालकीची घरं त्याच्याभोवती इतरांनी बांधली. हरी विनायक साठे यांनी १९०८ च्या सुमारास वाडा बांधला, येणाऱ्या भक्तांना उतरायला जागा व्हावी म्हणून. १९१०-११ मध्ये काकासाहेब दीक्षितांचा वाडा झाला. नागपूरचे श्रीमंत गृहस्थ गोपाळराव बुट्टी यांनी मोठा दगडी वाडा बांधायला घेतला, त्यात मुरलीधराचं मंदिर करायचं ठरलं होतं. १५ ऑक्टोबर १९१८ ला, दसऱ्याच्या दिवशी, बाबा गेले आणि त्यांचा देह याच वाड्यात ठेवला गेला. आज ज्याला आपण समाधी मंदिर म्हणतो ते बुट्टींचं घर आहे. लाखो लोक रांग लावून ज्या घरात जातात, त्या घराच्या मालकानं ते वेगळ्याच कामासाठी बांधलं होतं.

यावरून मालकी वाईट असं ठरत नाही. वाडे नसते तर भक्त उन्हात राहिले असते. साठे, दीक्षित, बुट्टी यांनी पैसा घातला, जबाबदारी घेतली. पण गाव कशानं झालं, असं विचारलं तर वाडा हे पूर्ण उत्तर होत नाही. रोज ठरलेल्या पाच दारांशी जाणारा एक माणूस आणि त्याला रोज भाकरी देणारी पाच घरं, इथून सुरुवात करावी लागते. त्या घरांनी त्याला सातबारा विचारला नव्हता.

*

सातबाऱ्याचं नाव निघालंच आहे तर त्यातली एक गंमत सांगते. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर ज्याला आपण सहज 'मालक' म्हणतो, त्याच्या नावापुढं कायद्याच्या भाषेत 'भोगवटादार वर्ग-१' लिहिलेलं असतं. ज्याला जमीन विकायची, वारसांना द्यायची मोकळीक आहे, तोही महसुलाच्या भाषेत भोगवटादारच. शेताच्या बाबतीत आपली जुनी व्यवस्था कबूल करते की जमीन कुणाची नसते, माणूस तिच्यावर काही काळ असतो. गावठाणातल्या घराजवळ येईपर्यंत ही नम्रता कुठं सांडते कोण जाणे.

आपल्या मतदानाच्या इतिहासातही हे दोन रकाने भांडले आहेत. १९३५ च्या कायद्याखाली प्रांतांच्या निवडणुका झाल्या तेव्हा मत द्यायला कर, मालमत्ता किंवा शिक्षण यांची अट होती. ज्याच्याकडं काही आहे तोच जबाबदारीनं मत देईल, असा तर्क होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्येच सायमन कमिशनपुढं सर्व प्रौढांना मताधिकार मागितला होता. ज्याच्याकडं काही नाही त्यालाच राज्याच्या निर्णयांचा जास्त मार बसतो, मग त्यालाच बाहेर कसं ठेवणार? घर नसलेल्या माणसाचं काय होतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. १९१७ मध्ये परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर आले, तर राहायला जागा मिळेना. एका पारशी सरायीत पारशी नाव सांगून राहिले, आणि ओळख कळल्यावर लोकांनी काठ्या घेऊन त्यांना बाहेर काढलं. हातात पदवी, खिशात नोकरी, आणि सामान ठेवायला जागा नाही.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला मत मिळालं. मालमत्तेची अट गेली. आणि १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक कलम आहे, क्रमांक २०. त्याचा अर्थ असा की एखाद्या मतदारसंघात माणसाच्या मालकीचं किंवा ताब्यातलं घर आहे, केवळ एवढ्यावरून तो तिथला सर्वसाधारण रहिवासी मानला जाणार नाही. मी नाव पुण्याला हलवलं तेव्हा मला हे कलम सापडलं, आणि मी ते दोनदा वाचलं. देशाच्या कायद्यानं इतक्या स्पष्टपणे सांगितलंय की घर असणं आणि रहिवासी असणं एक नाही. आमच्या गल्लीच्या ग्रुपला मात्र हे अजून कळायचं आहे. मतदार यादीतून आपण मालमत्ता बाहेर काढली, आणि नाली, पाणी, मांडव यांच्या यादीत ती मागच्या दारानं परत आली.

*

मग नियम काय असावा? 'ज्याच्यावर परिणाम होतो त्याला विचारा' हे उत्तर चटकन सुचतं. पण शिर्डीसारख्या गावात ते पुरत नाही. इथं परिणाम सगळ्यांवरच होतो. २०११ च्या जनगणनेत गावाची वस्ती ३६ हजारांच्या आसपास होती, आणि रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा या दिवसांत बाहेरून येणाऱ्यांची गर्दी गावाला पुरून उरते. एका रात्रीसाठी उतरलेल्या भाविकालाही पाण्याचा, आवाजाचा, खोलीच्या भाड्याचा त्रास होतो. त्यालाही बैठकीला बोलवायचं का?

मला एक साधी कसोटी सुचते. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत कोण असतं? पालखी पुढं गेलेली असते, मांडवाचे बांबू निघत असतात, पत्रावळी आणि पाण्याच्या बाटल्यांचा ढीग नालीच्या तोंडाशी येतो. त्या सकाळी जो झाडू हातात घेतो, किंवा निदान त्या ढिगाला वळसा घालून कामाला जातो, तो गल्लीतला. भाविक तेव्हा समृद्धी महामार्गावर किंवा रेल्वेत असतो. त्याचं आदरातिथ्य करावं, त्याला लुबाडू नये, एवढं आपण त्याचं देणं लागतो. निर्णयात त्याची जागा नाही, कारण निर्णयाचं ओझं तो उचलणार नाही.

या कसोटीनं काकू आत येतात आणि मी बाहेर जाते.

हे लिहायला सोपं आहे, मान्य करायला तितकं नाही. मला आमचं गाव सोडवत नाही. ग्रुपवर मांडवाचा फोटो आला की मी ऑफिसात बसून तो मोठा करून बघते. माझं बालपण त्या गल्लीत गेलं. पण आठवणीवरून मला प्रेमाचा हक्क मिळतो, नालीचा उतार ठरवायचा मिळत नाही. कोणतं चेंबर आधी तुंबतं, कोणत्या महिन्यात बोअरला गाळ येतो, मागच्या लॉजची टाकी रात्री किती वाजता वाहते, हे काकूंना माहीत आहे. मला जे माहीत आहे ते पाच वर्षांपूर्वीचं. घराबद्दलचं ज्ञान शिळं होतं, मालकी शिळी होत नाही. म्हणूनच मालकी फसवी ठरू शकते. ती आपल्याला वाटायला लावते की आपल्याला अजून सगळं माहीत आहे.

कुणी विचारेल, या बैठकांत एवढं काय असतं? नाली आणि मांडव, त्यासाठी एवढा विचार? मला वाटतं, माणूस गावाचा होतो तो याच छोट्या गोष्टींत. पाच वर्षांतून एकदा मत द्यायला कुणीही जातं. "तुझ्या दारापुढं खड्डा घेतला तर चालेल का?" असं कुणी विचारलं, की आपण इथले आहोत हे कळतं. हा प्रश्न अकरा वर्षं कुणालाच विचारला गेला नाही तर तो माणूस हळूहळू गाव वापरायला लागतो, जसा आपण बस स्टँड वापरतो. मग आपणच म्हणतो, भाडेकरूंना गावाचं काही पडलेलं नसतं.

मालकांचं यात जाणार काय? घर विकायचं की ठेवायचं, मजला चढवायचा की नाही, भाडं किती, हे पप्पांचंच राहील आणि राहायला हवं. ज्या कामाला पैसे मालकाच्या खिशातून जातात तिथं त्याचा शब्द जड असावा, हेही मला मान्य आहे. पण पाणी, कचरा, आवाज, उत्सवातली वाट, रात्रीचा दिवा, ही कामं भोगवट्याची आहेत. तिथं दुसऱ्या रकान्यातल्या माणसाला आधी विचारावं. खर्च वाटून घ्यायचा प्रश्न आला तर तोही विचारता येईल. मला वाटतं, विचारलेल्या माणसाला वर्गणी जड जात नाही. न विचारता मागितलेली जड जाते.

यंदाच्या रामनवमीला आमच्या गल्लीनं पायी आलेल्या पन्नासेक जणांना एका रात्रीची जागा दिली. आमच्याही ओसरीवर सात जण झोपले. त्यांची नावं आम्ही विचारली नाहीत, आधार मागितलं नाही, पहाटे चहा दिला. ही आमच्या गावाची चांगली बाजू आहे आणि मला तिचा अभिमान आहे. अनोळखी माणसाला एका रात्रीसाठी जी जागा आपण इतक्या सहज देतो, तीच ओळखीच्या माणसाला वर्षभरासाठी द्यायला का जड जाते, हे मला नीट समजून घ्यायचं आहे. कदाचित एका रात्रीचा पाहुणा पहाटे निघून जातो, म्हणूनच त्याच्याशी उदार होता येतं. जो जाणार नाही त्याच्याशी उदार होणं म्हणजे त्याला वाटेकरी करणं.

मी ग्रुप चालवणाऱ्या शेजारच्या काकांना फोन केला. म्हटलं, माझा नंबर काढा आणि वरच्या काकूंचा घाला. ते म्हणाले, "अगं, तुझा कशाला काढायचा? तू घरचीच आहेस. आणि त्यांचा घातला तर उद्या सगळ्यांचेच भाडेकरू म्हणतील." मी म्हटलं, "म्हणू द्या ना काका." ते म्हणाले, पप्पांशी बोलतो. पप्पा म्हणाले, बघू.

काकूंना विचारलं तर त्यांचा प्रश्न वेगळाच होता. "त्या ग्रुपवर दिवसभर गुड मॉर्निंगच येतं का गं? मग नको. नालीचं काही असलं तर तेवढं सांगायला सांग, मी येते."